बॅग झाली का?

मंगळवार, ४ मार्च

बसमधून उतरता उतरता बॅगेची चेन तुटली! कपडे रस्त्यावर सांडणार, तेवढ्यात दोरी आवळली आणि तशीच थेट बाबांच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात. बाबा मशीनवर वाकलेले. वर बघितलं ते आधी बॅगेकडे.

"चेनचा रनर गेलाय."

"मी कशी आहे ते विचारा की!"

"तू दिसतेयस ना. ठेव ती इथं."

बस. इतक्या महिन्यांनी भेटलो आम्ही!

बारीक झालेत. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिलीय. तपकिरी दोरा संपत आलाय म्हणून कुरकुरत होते.

घरी आत्या. "आली का भिंगरी! टेकले का पाय जमिनीला?" मग दार लोटून हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबांच्या लघवीतून रक्त जात होतं. कित्येक दिवस लपवलं. कपडे धुताना हिनेच पकडलं तर म्हणाले, बीट खाल्लंय. "या घरात रांधते मी! म्हटलं, दादा, बीट आलं कुठून?" सोनोग्राफीत डाव्या किडनीवर गाठ दिसलीय. कॅन्सर असू शकतो.

फोनवर मला एवढंच म्हणाली होती — ये.

बुधवार, ५ मार्च

बॅग मागितली. "उद्या," म्हणाले.

बाबा! गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत बॅग हातात देणारा माणूस. लोक शेजारच्या बाकावर बसून राहतात आणि घेऊनच जातात. 'उद्या' हा शब्द त्या दुकानात मी जन्मात ऐकला नव्हता.

तपकिरी रीळ कालच संपलं, म्हणून आज दोरा आणायला मला पिटाळलं. तपकिरी मिळालाच नाही. निळा आणला. म्हणाले, चालेल.

गाठोडं बांधून घरी आणलेले कपडे शेवटी कपाटात लावले. माझं कपाट! आत माझाच एक मोजा निघाला. दुसरा कुठल्या गावी राहिलाय कोण जाणे.

गुरुवार, ६ मार्च

सीटी स्कॅन. आधी भरपूर पाणी प्यायचं होतं, म्हणून मी बाटली आणायला गेले. रस्त्यात एक माणूस पाठीवर हा एवढा आरसा बांधून चाललेला — जरासा कललेला, त्यात नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा! एक कावळा त्यातून आरपार गेला. मी आपली त्याच्या मागे. भानावर आले ती भलत्याच चौकात. धावत परत. नर्स तडतडत होती. बाबा अजिबात नाही.

"काय दिसलं एवढं?"

सांगितलं.

"मग? कुठवर नेला आरसा?"

"काय माहीत. मी परत आले ना."

"अरेरे." खरंच हळहळले!

मी कुठूनही फोन केला की असंच. नदी केवढी आहे, पलीकडे काय आहे, लोक बॅगा कसल्या वापरतात. शेवटी ठरलेलं — "परत कधी?" मी म्हणते, येईन हो. पण थांब, असं कधी म्हणाले नाहीत. एकदाही नाही. निघताना दारात चपला घालायला मी मुद्दाम वेळ लावते. तरी नाही.

मशीन म्हणालं, श्वास रोखा. सोडा म्हणालं ते यांना ऐकूच आलं नाही. बाहेर आले ते लालबुंद! "कुणीतरी येऊन सांगेल म्हणून थांबलो," म्हणे.

शुक्रवार, ७ मार्च

"उद्या."

शनिवार, ८ मार्च

मागे काम केलं त्या समुद्राकाठच्या हॉटेलच्या मालकिणीचा फोन. सीझन सुरू होतोय, पंधरा तारखेपर्यंत ये, नाहीतर दुसरी मुलगी घेते. गच्चीवरची खोली देणार! तिथून सकाळी बोटी परत येताना दिसतात, एकेक करून, आणि आधी आवाज येतो, मग बोट. जीव नुसता तिकडे ओढ घेतो.

बाबा शेजारी नखं कापत बसलेले. सगळं ऐकलं.

"खोली चांगली आहे?"

"आहे."

"वारा भरपूर असेल."

"असतो."

आणि परत नखं! म्हणा ना, थांब. मी थांबेनच असं नाही — माझं मलाच कुठे कळतंय. पण म्हणा तर!

सोमवार, १० मार्च

डॉक्टरांनी स्क्रीनवर गाठ दाखवली. लिंबापेक्षा मोठी. म्हणाले, कॅन्सरची शक्यता जास्त आहे, पण काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. आणि ती अशा जागी आहे की डावी किडनी सगळीच काढावी लागेल. गुरुवारी भरती, शुक्रवारी ऑपरेशन.

आत्याने पदर तोंडात घातला. बाबा स्क्रीनजवळ वाकून बघत राहिले, फाटकी बॅग बघतात तसे.

"उजवी धड आहे ना?"

"एकदम."

"मग झालं तर. एका पट्ट्यावरही बॅग चालते. जरा कलते, एवढंच."

डॉक्टर हसले. मला नाही हसता आलं.

येताना रस्ता ओलांडायला त्यांनी माझा हात धरला. ओलांडून झाल्यावर सोडला नाही. घराच्या कोपऱ्यापर्यंत.

मंगळवार, ११ मार्च

बाबा आत्याबरोबर रक्त तपासायला गेले. दुकानात मी एकटी. एक बाई तिची बॅग न्यायला आली. ती होती सगळ्यात वरच्या खुंटीवर. स्टुलावर चढून काढली — तर मागे माझी.

रनर नवा. चेन सुळकन सरकली. तळाला दुहेरी शिवण, पट्टा बदललेला, कोपऱ्यांना चामडं. मी सांगितलेलं सुद्धा नव्हतं! आणि सगळे टाके तपकिरी.

तपकिरी तर मी आले त्याच दिवशी संपला.

म्हणजे त्याच दिवशी करून ठेवली. आणि वर टांगून रोज माझ्या तोंडावर — उद्या!

बाईने विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

बॅग होती तिथे टांगली. पुढे दुसरी अडकवली. मग मालकिणीला फोन केला, नाही येत. "बघ हं, खोली जाईल." जाऊ दे. बोटी आठवल्या. आठवणारच.

बाबा आल्या आल्या विचारलं, "बॅग झाली का?"

"उद्या." मान खाली.

"अहो, गिऱ्हाईक आहे मी!"

"कामाची गर्दी आहे."

दुकानात चिटपाखरू नव्हतं.

बुधवार, १२ मार्च

"बॅग झाली का?"

"उद्या."

"नक्की?"

"नक्की."

आत्या वैतागली. "दादा, देऊन टाक ना पोरीची बॅग! किती घोळ घालशील?" बाबांच्या मिशा तेवढ्या हलल्या.

रोज विचारणार. म्हातारी होईपर्यंत विचारीन! तुम्ही फक्त उद्या म्हणायला असा.

गुरुवार, १३ मार्च

आज मी विचारायच्या आत तेच बॅग घेऊन आले. "घे. झाली."

म्हणजे — जा?

हातात घेतली तर जड. उघडली. त्यांचे दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान.

"दवाखान्यात तुझीच नेतो," म्हणाले. "माझ्याकडे बॅगच नाही."

शुक्रवार, १४ मार्च

ऑपरेशनला आत नेत होते. बॅग माझ्या खांद्यावर. तिथून पुढे मला सोडत नव्हते. दार बंद व्हायच्या आधी मी ओरडले, "बाबा, परत कधी?"

"उद्या."