बेचाळीस माणसं

सोमवार, २ फेब्रुवारी

११ जानेवारीच्या पानावर मी लिहिलंय – ‘सभेला शेवटपर्यंत होते.’ चूक. चूक कसली, खोटं! साडेसातलाच निघाले होते. पाळी आलेली, साध्या कपड्यांत तीन तास उभी, आणि त्या मैदानाजवळ बाईला जाता येईल असा एक संडास नाही. पोलीस ठाण्यात हे कुणाला सांगणार? म्हणून दुसऱ्या दिवशी अहवालात ‘समक्ष हजर’ लिहिलं. आणि त्याआधी, त्याच रात्री घरी येऊन, इथंही तेच. वहीशी खोटं बोलायची काय गरज होती?

बुधवार, ४ फेब्रुवारी

उरलेलंही लिहून टाकते.

सभा कंत्राटी कामगारांची होती. मी ठाण्याच्या गोपनीय शाखेत – कोण जमलं, कोण काय बोललं, ते रोज लिहून द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाजवळच्या टपरीवाल्या बन्सीला विचारलं. म्हणाला, "लई माणसं होती मॅडम. गेट पेटवून देऊ, म्हणत होतं कुणीतरी." कुणीतरी! मी लिहिलं – रामकिसन म्हणाला. त्यांचा पुढारी तोच, मग तोच म्हणाला असणार.

आणि माणसं बेचाळीस. मोजली नव्हती. चाळीस लिहिलं की अंदाज वाटतो – हे अण्णांचं, माझ्या वडिलांचं. तेही गोपनीयलाच हवालदार होते. शाळेत जायच्या आधी अक्षरं त्यांच्या मांडीवर बसून गिरवली. मी दुकानातून आले की अण्णा विचारायचे, ‘कोण होतं तिथं? तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?’ वाण्याची पुडी हातात तशीच, आणि मी आठवत उभी.

केंद्राच्या गुप्तवार्ता ऑफिसचे श्रीरंग सर दर आठवड्याला ठाण्यात येतात. चहा घेतात, आमची फाईल चाळतात, मोबाइलवर फोटो काढतात. त्यांचा कागद आम्ही एकही पाहिलेला नाही. माझ्या त्या अहवालाचाही फोटो काढला – ‘अक्षर छान आहे हो तुमचं!’

सोमवार, ९ फेब्रुवारी

वरून पत्र आलं. ‘विश्वसनीय माहितीनुसार, बेचाळीस कामगारांच्या सभेत रामकिसन याने गेट पेटवण्याची चिथावणी दिली.’

बेचाळीस!

पीआय विश्वजित साहेब खूश. ‘बघा, आपलं आणि केंद्राचं जुळलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच माहिती!’ रामकिसनवर आधीचे दोन गुन्हे आहेत, दोन्ही जमावबंदी मोडल्याचे. त्यात हे जोडून तडीपारीचा प्रस्ताव. दोन वर्षं – शहराबाहेर, जिल्ह्याबाहेर.

मी म्हणाले, ‘साहेब, हे आपलंच परत आलं असेल.’

‘कशावरून? त्यांना विचारता येतं का? आपण द्यायचं असतं, विचारायचं नसतं.’

मंगळवार, १० फेब्रुवारी

तरी विचारलं. श्रीरंग सरांना फोन केला.

‘मॅडम, माहिती कुठून आली ते आम्ही पोलिसांना सांगत नाही.’

‘सर, ती माझ्याकडून आली.’

‘मग तर तुम्हाला माहीतच आहे.’ हसले. ‘आणि आमची सही कुठंच नसते. सही तुमची असते.’

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

नोटीस द्यायला मलाच पाठवलं, गारखेड्यात. रामकिसन कामावर. घरात त्याची आई, आवडाबाई. हाताला पट्टी – आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तोच गाडीवर मागं बसवून नेतो. तो गेला तर कोण नेणार, हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.

"काय केलं वं माय त्यानं?"

"वरून आलंय, मावशी."

"वरून तं पाऊस येतो. कागद कुणीतरी लिवतंय नं?"

पाणी दिलं तिनं. प्यायले मी!

रविवार, १५ फेब्रुवारी

अण्णांना सांगितलं. पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, ‘बेचाळीस चांगला आकडा आहे.’

मला वाटलं चेष्टा करतायत.

‘माझे सत्तावीस, त्रेपन्न, एकोणसाठ असे असायचे. मोजायला कधी कुणी आलं नाही. आणि वरून पत्र आलं की मलाही वाटायचं, खरंच असतील.’

‘मग ते – पाहिलंस की कुणी सांगितलं?’

‘ते तुझ्यासाठी होतं, बाळ. नोकरीसाठी नव्हतं.’

इतका राग आला की रडूही येईना. ज्या माणसाकडून खरं बोलायला शिकले, त्याच्याकडूनच खोटं नीटनेटकं लिहायलाही शिकले. एकाच मांडीवर.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

विश्वजित साहेबांना लेखी दिलं – मी शेवटपर्यंत तिथं नव्हते, आकडा मनाचा, नाव मनाचं. वाचलं. परत दिलं. ‘नोकरीला किती झाली? चार वर्षं? घाला पर्समध्ये. केंद्राकडूनही तेच आलंय, तुमचं एकटीचं आता कोण ऐकतं?’

म्हणजे माझं खोटं दोघांचं. आणि खरं माझ्या एकटीचं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

तडीपारीची सुनावणी उपायुक्तांपुढं आहे; रामकिसनच्या वकिलांनी साक्षीदारांची नावं दिली. तिसरं माझं. मीच द्यायला सांगितलं.

ही वही सोबत नेणार. ११ जानेवारीचं पान फाडणार नाही, खोडणारही नाही – उपायुक्तांना तेही दिसू दे. आज बसून प्रत्येक पानाखाली सही केली.

सुनावणी सोमवारी, २३ फेब्रुवारीला. सकाळी अकरा.