रिकाम्या भांड्यातला हायड्रोजन

रविवार, पाथरी

प्रिय राजेश्री,

गावी येऊन नऊ दिवस झाले. तुझे फोन घेतले नाहीत, राग मानू नकोस. चार वर्षं प्रयोगशाळेत शेजारी बसलोय आपण. तुझा आवाज ऐकला असता, तर सांगायचं ते राहूनच गेलं असतं.

इथं मी नुसती झोपते. "लय वाळलीस गं," म्हणून आई रोज एक भाकरी जास्त वाढते. कापूस वेचायला बाया मिळेनात, म्हणून परवा तिच्याबरोबर रानात गेले, तर तासाभरात कंबर धरून बांधावर बसले.

मी निघायच्या आदल्या दिवशी तू प्रबंधाच्या छपाईसाठी बाहेर गेली होतीस. माझ्या लेखाच्या परीक्षकानं एक शंका काढली होती, म्हणून मी आपलं स्टीलचं भांडं रिकामंच तापवलं. पाणी नाही, त्यातून हायड्रोजन काढणारी माझी पूडही नाही. तरी यंत्रानं हायड्रोजन दाखवला, जवळजवळ नेहमीइतकाच. तीनदा करून पाहिलं. मग डोक्यात उजेड पडला. हायड्रोजनचा अणू इतका बारीक, की तो स्टीलच्या अंगातच शिरतो. आपल्या आधीच्यांनी वर्षानुवर्षं भरलेला वायू त्या भांड्यात मुरला होता, तापवलं की बाहेर येत होता. माझ्या पुडीनं काहीच केलं नव्हतं.

काल शेंगा निवडताना आईला हे सांगितलं. तिनं विचारलं, "ते डोळ्यानं दिसतंय का?" म्हटलं, नाही. "मंग चुकलं हे कुणाला कळलं?" म्हटलं, मला. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "मंग तर सांगावंच लागंल की."

हे पत्र चुलतभाऊ बालाजीच्या हाती देतेय, तो उद्या पुण्यात पोचेल. सरांना मी अजून काही बोलले नाही. मंगळवारी येऊन सांगणार आहे. माझी चार वर्षं गेली, त्याचं रडायचंही त्राण उरलं नाही. पण तुझ्या तिसऱ्या प्रकरणातले सगळे आकडे त्याच भांड्यातले आहेत, आणि बुधवारी तू प्रबंध देणार आहेस. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. झोपेच्या नावाखाली नऊ दिवस मी हेच टाळत होते. तू आली नाहीस तरी मी सरांकडे जाईनच. पण राजेश्री, एकटीनं जायचं जिवावर आलंय गं.

तुझीच,
विजयमाला