हात राखून

१२ जून
आयोगाच्या पूर्व परीक्षेचा निकाल लागला. पास! मेहुणा म्हणतो, काठावर. असेल. पलीकडे गेलो याला महत्त्व. बुडाले ते मध्येच बुडाले.

हा माझा शेवटचा प्रयत्न. यानंतर वयाची अट आड येते. पण शेवटचा प्रयत्न म्हणजेच यशाचा प्रयत्न, असं मी धरून चालतो. आधीचे सगळे सराव म्हणून सोडून द्यायचे.

बायको बँकेत काउंटरवर असते. नेमकं आजच तिलाही पत्र आलं. शाखाधिकारी करतायत, पण दुसऱ्या गावी. मी मोठ्या मनाने सांगितलं, नाही म्हणून टाक. सप्टेंबरात माझी मुख्य परीक्षा, मग मुलाखत, मग पोस्टिंग. साहेबाच्या बायकोने कुठल्याशा गावात जाऊन कर्जाच्या फायली कशाला चाळायच्या? ती म्हणाली, बघते, सप्टेंबर संपेपर्यंत मुदत मागून घेते. हिला निर्णय म्हणून पटकन घेता येत नाही.

१३ जून
आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात बिनपगारी रजेचा अर्ज दिला. माझं आवक-जावक टेबल शेजारच्या क्लार्कच्या गळ्यात पडलं. तो म्हणाला, जा बाबा, पण साहेब झालास की ओळख ठेव. मी ठेवीन म्हणालो. जरा थंडपणेच म्हणालो. आतापासून अंतर राखायला शिकलं पाहिजे.

१५ जून
वेळापत्रक तयार. पहाटे उठणे, व्यायाम, इतिहास, नाश्ता, प्रशासन, वामकुक्षी, नीतिशास्त्र. वामकुक्षीचा भाग आजच अमलात आणला. बाकी उद्यापासून.

१९ जून
पहिला सराव निबंध. घड्याळ लावून बसलो. प्रस्तावना झकास. दीड पानावर उजव्या हाताने संप केला. अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ. बोटं उघडेनात.

कारण उघड आहे. पूर्व परीक्षेत नुसते गोळे काळे करायचे होते. ऑफिसात शिक्का नि कीबोर्ड. हाताने असं सलग लिहिलंय कधी? थोडक्यात, डोकं तयार आहे, हात तयार नाही. हे वेळीच कळलं ते बरं. बाकीचे मूर्ख डोक्यावरच मेहनत घेत बसले असतील.

२० जून
डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हात दाबला, वळवला, सोडला. म्हणाले, काही झालेलं नाही, रोज थोडं थोडं लिहा, सवय होईल. मी विचारलं, एक्स-रे? ते म्हणाले, नको. विचारलं, गोळ्या? ते म्हणाले, पेन.

आपल्या भागात चांगला डॉक्टर नाही याची खंत वाटते.

२१ जून
फोनवर एका भालाफेकपटूच्या ट्रेनरचा व्हिडिओ पाहिला. डोळे उघडले. म्हणतो, मोठ्या स्पर्धेआधी फेकणाऱ्या हाताला विश्रांती द्या, ताकद साठते. भालाफेक आणि मुख्य परीक्षा यांत तत्त्वतः काय फरक आहे?

निर्णय: परीक्षेपर्यंत उजवा हात राखायचा. अनावश्यक हालचाल बंद. ही रोजनिशीसुद्धा आजपासून फोनवर, डाव्या अंगठ्याने. त्यामुळे नोंदी छोट्या येतील.

२ जुलै
हात राखण्याची अंमलबजावणी कडक चालू आहे. भाजीची पिशवी नाही. बादली नाही. पंखा पुसणं नाही. कपाचा कान डाव्या हाताने धरतो, एकदोनदाच सांडला. बायको सकाळी डबे करून, पाणी भरून, कपडे वाळत घालून बँकेत जाते, संध्याकाळी येऊन उरलेलं करते. मी म्हणालो, थोडे दिवस सोस, पुढे घरात गडीमाणसं असतील. ती काही बोलली नाही, कारण तिच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता.

९ जुलै
उजव्या हातासाठी लोकरी मोजा आणला. गरम होतं, पण स्नायू सैल राहतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, भाजलं का हो? मी म्हणालो, मुख्य परीक्षा. त्या अरेरे म्हणाल्या.

१५ जुलै
सासरे राहायला आले. जन्मभर शाळेत मास्तरकी केली, बोर्डाचे पेपर तपासले. म्हणाले, जावईबापू, तुम्ही उत्तरं लिहा, मी तपासून देतो. मी धोरण समजावून सांगितलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, मग तोंडी सांगा. मी तोंडी सांगितलं, हातवारे न करता, त्यामुळे प्रभाव थोडा कमी पडला. किती गुण, विचारलं. म्हणाले, हवेत सांगितलेल्या उत्तराला मी हवेतच गुण देतो, घ्या झेलून.

जुन्या पिढीला विनोदाची भारी हौस.

१६ जुलै
सासरे परत गेले. अचानक. जाताना लेकीशी दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. बहुधा माझं तेज लक्षात आलं असावं.

२८ जुलै
मुलाखतीची तयारी सुरू केली. लोक मुख्य परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबतात आणि मग धावपळ करतात. मी आरशासमोर बसून छंद काय, विचारलं. वाचन, म्हणालो. कुठलं पुस्तक, विचारलं. प्रश्न अन्यायकारक वाटला. आरशाला विषय बदलायला लावला.

शिवाय अधिकाऱ्याची सही ठरवली. एका फटक्यात होणारी. दिवसाला शंभर कागदांवर करायची म्हणजे आटोपशीर हवी. प्रत्यक्ष केलेली नाही अर्थातच. मनात केली.

३ ऑगस्ट
क्लासची सराव परीक्षा होती. गेलो नाही. खऱ्या लढाईआधी दारूगोळा कोण उडवतं? आमच्या गल्लीतला चष्मिस गेला होता. तो माझ्यासारखाच मुख्यला बसतोय. मला फोन करून म्हणाला, पेपर पुरा झालाच नाही, रडू आलं, आता रोज एक पेपर लिहिणार. बिचारा. हात झिजवून घेणार सगळा.

११ ऑगस्ट
नवी कल्पना! मी बोलायचं, बायकोने टाईप करायचं. विचार माझे, मजुरी तिची. हाताला धक्का नाही आणि उत्तरं तयार. हे आधी कसं सुचलं नाही?

ती बँकेतून आली, चहा घेतला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. विषय: स्थानिक प्रशासनापुढील आव्हाने. मी डोळे मिटून सुरुवात केली. स्थानिक प्रशासनापुढे आज अनेक आव्हाने आहेत. तिने टाईप केलं. म्हणाली, पुढे? मी म्हणालो, ही आव्हाने विविध प्रकारची आहेत. तिने तेही टाईप केलं. म्हणाली, पुढे?

मी म्हणालो, विचार चालू आहे. तिने उठून दूध तापवलं. येऊन म्हणाली, पुढे? मी हात दाखवून थांब म्हणालो. डावा. तिने कपडे घड्या करून कपाटात ठेवले. परत आली. या वेळी विचारलं नाही. नुसती बसली, स्क्रीनवरच्या दोन ओळींकडे बघत. मग माझ्याकडे बघत.

कीबोर्डची टकटक फार लागते. ओघ तुटतो. हा प्रयोग बंद.

१२ ऑगस्ट
बायको आज बँकेतून उशिरा आली. कुणाला तरी भेटायचं होतं म्हणाली. जेवण बाहेरून आणलं. खूप दिवसांनी गुणगुणत होती. प्रयोग बंद केल्याचा आनंद झाला असावा.

३० ऑगस्ट
चष्मिसने मोठेपणाने त्याची लिहिलेली उत्तरं वाचायला दिली. गठ्ठा आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खाडाखोड. पण मजकूर, खरं सांगायचं तर, वाईट नाही. एक उत्तर दोनदा वाचलं. अक्षर लागत नव्हतं म्हणून असावं. जेवलो. पुन्हा वाचलं.

७ सप्टेंबर
इतिहासाचं पुस्तक उघडलं. जाड आहे. आता या टप्प्यावर नवीन काही वाचू नये, असं सगळेच यशस्वी उमेदवार सांगतात. मिटलं.

१६ सप्टेंबर
आज मोजा काढून हात धुतला. बायको बघत होती. जवळ आली आणि माझा हात आपल्या हातात घेतला. किती मऊ झालाय रे, म्हणाली. तिचा तळवा खरखरीत लागला, बोटांच्या कडांना भेगा पडल्यात. मी म्हणालो, क्रीम लावत जा. ती हो म्हणाली.

मग विचारलं, खरं सांगशील? होईल का रे? मी म्हणालो, शंकाच काढू नकोस. हे म्हणून मोजा पुन्हा चढवला. हवा बदललीये.

२० सप्टेंबर
उद्या पहिला पेपर, निबंध. हात उत्तम. डोकंही उत्तम, एकदम मोकळं. पेनं तपासली. बायकोने प्रवेशपत्र, ओळखपत्र, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरून दारापाशी ठेवलं. पिशवी उद्या मी डाव्या खांद्यावर घेणार.

२१ सप्टेंबर
निबंध झाला. विषय बघून हसूच आलं. पाणी! माझंच खातं! नशीब म्हणतात ते हेच. हॉलमध्ये मागेपुढे उसासे चालले होते.

प्रस्तावना लिहिली. पाणी म्हणजे जीवन. अक्षर काय सुंदर आलं! मग पुढचं आठवायला लागलो. आठवत होत्या त्या तक्रारी. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. दुरुस्तीला येतात आणि रस्ता खणून जातात. एका बाईने नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, म्हणाली, तुम्ही प्या आधी. पण असल्या क्षुल्लक गोष्टी निबंधात शोभतात का? तिथे चिंतन लागतं. मी चिंतन करत बसलो.

पुढच्या बाकावर चष्मिस. सारखा पुरवणी मागत होता. पुरवणी आली की कागदाची फडफड, मग त्याच्या पेनाची खरखर. अशा आवाजात कुणाला सुचणार? पर्यवेक्षक बाई दोनदा माझ्याजवळ थांबल्या. दुसऱ्यांदा हळूच म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना?

वेळ संपायच्या आधीच उठलो. हात अजिबात दुखला नाही.

२४ सप्टेंबर
शेवटचा पेपर. सगळे पेपर साधारण निबंधासारखेच गेले. सातत्य राखलं.

बाहेर चष्मिस भेटला. मनगटाला बँडेज, बोटं शाईने निळी, उभं राहवत नव्हतं. म्हणाला, निदान सगळं लिहिलं, आता काय व्हायचं ते होवो. मला विचारलं, तुझं? मी म्हणालो, हात एकदम फ्रेश आहे. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि बँडेज सावरत निघाला.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
घरी आलो तर बायकोने चहा टाकला होता. समोर बसली. म्हणाली, तुझा पेपर संपेपर्यंत थांबले होते, आता सांगते. मी बदली स्वीकारली. एक तारखेला हजर व्हायचंय. मी म्हणालो, मुदत तर महिनाअखेरपर्यंत होती, माझं तरी विचारायचंस. ती म्हणाली, होकार ऑगस्टमध्येच दिला, आपण टाईप करायला बसलो होतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू डिस्टर्ब होऊ नयेस म्हणून बोलले नाही.

मी विचारलं, म्हणजे तुला तेव्हाच वाटलं होतं की माझं होणार नाही?

ती म्हणाली, मला वाटत होतं तू एक तरी पान लिहिशील. रोज बँकेतून येताना वाटायचं, आज टेबलावर एक पान असेल. मग दार उघडलं की मोजा दिसायचा.

ओरडायला हवं होतं. मीही तयारीत होतो. पण तिचे डोळे भरले होते, आणि ते रागाने नव्हते. मला वाईट वाटलं. कारण वगैरे काही नाही, नुसतंच वाईट वाटलं. चहा गार झाला.

२५ सप्टेंबर
दिवसभर लोळलो. वेळापत्रकात हे नव्हतं.

३० सप्टेंबर
सामान बांधलं. पुस्तकांची खोकी मी उचलली, दोन्ही हातांनी. बायको म्हणाली, यांतली न उघडलेली इथेच देऊन टाकूया का? म्हटलं, टाक. तीन खोकी होती, एक उरलं. ट्रकवाला खूश झाला.

९ ऑक्टोबर
रजा संपवून बदलीसाठी जुन्या ऑफिसात गेलो. आयोगाचा निकाल यायला वेळ आहे, आणि निकालाचं मला ठाऊक आहे. हे वाक्य टाईप करताना अंगठा थांबला नाही, याचं नवल वाटतं.

शेजारच्या क्लार्कने कोरा कागद दिला. म्हणाला, बदलीचा अर्ज साहेबांना स्वतःच्या हाताने लिहिलेला लागतो, आणि कारण स्पष्ट लिही, पाल्हाळ नको. बसलो. प्रस्तावना सुचली नाही. सरळ लिहिलं: पत्नीची शाखाधिकारी पदावर बदली झाल्याने मलाही त्या गावच्या कार्यालयात बदली मिळावी, ही विनंती. खाली सही केली. ती आटोपशीर नाही, पूर्ण नावाची.

साहेबांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मला वाटलं, आता चुका काढणार. त्यांनी पेन उघडून कोपऱ्यात शिफारस लिहिली आणि कागद बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या हस्ताक्षरातला कागद कुणी असा पहिल्याच झटक्यात पास केला नव्हता.

मग चष्मा काढून म्हणाले, शाखाधिकारी? तुमच्या मिसेस? अरे वा. आमच्या मुलाला घरासाठी कर्ज हवंय हो, जरा विचाराल का त्यांना? मी विचारतो म्हणालो. ते एकदम उठले, समोरची खुर्ची स्वतः ओढली, बेल दाबून दोन चहा सांगितले. म्हणाले, बसा ना साहेब, उभे का?

साहेबांच्या समोरच्या खुर्चीत मी आजवर कधी बसलो नव्हतो.

बसलो. चहा घेतला. कर्जाला कुठली कागदपत्रं लागतात ते त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, हिला विचारून सांगतो.