क्रिसेंट पॅलेसची अठ्ठावन्न नंबरची खोली

ठाकूरद्वार, मुंबई
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी गंगाधराचे दंडवत.

इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमचा पाय कसा आहे ते आधी कळवा. प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून विणायची सुई घालू नका. वहिनींनी सुया लपवून ठेवल्या असतील तर त्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा. तुमचं कार्ड काल पोचलं. त्यात एकच ओळ आहे, लक्ष्मीबाईंची उतरण्याची सोय उत्तम झाली ना ते एका शब्दात कळव. एका शब्दात कळवायचं तर 'नाही'. पण तेवढंच लिहिलं तर तुम्ही प्लास्टरसकट वेंगुर्ल्याहून बोटीत बसाल, म्हणून आज ऑफिसला दांडी मारून सविस्तर लिहितो आहे. (गॅलरीत ट्रंक उलटी घालून तिच्यावर लिहितोय. आतल्या खोलीत का बसलो नाही ते पुढे येईल. आत्तापर्यंत तीनदा उठलो, दोनदा विनाकारण.)

तुम्हाला ठाऊक असलेलंच थोडं पुन्हा लिहितो, कारण हे सगळं कसं घडत गेलं ते मलाच एकदा ओळीने लावून बघायचं आहे. बडोद्याच्या जयवंताने गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या लग्नात आपल्या शांतेला पाहिलं, त्याला ती आवडली, पत्रिका जमल्या, आणि राहिला तो फक्त त्याच्या आईचा, लक्ष्मीबाईंचा होकार. त्यांना बोट लागते, म्हणून बोलणी मुंबईत. तुमचा पाय मोडलेला, म्हणून मुलीचा बाप मी. सोयरीक ठरायच्या आधी वरमाय मुलीकडच्यांच्या घरी उतरणार नाही हे रीतीला धरूनच झालं. तेवढ्यावर थांबायचं सोडून तुम्ही त्यांना लिहिलंत की आमच्या गंगाधराची क्रिसेंट पॅलेसमध्ये मोठी ओळख आहे, सोय तिथे करू. ओळख आहे, खोटं नाही. आमची लोहार चाळीतली कंपनी नळ, बेसिनं आणि कमोड विकते, ते हॉटेल दिवाळीपासून दुरुस्तीला काढलंय, आणि तिकडे जाणाऱ्या मालाची चलनं मी लिहितो. ओळख कशावरून झाली ते तुम्ही बडोद्याला कळवलं नाहीत हे शहाणपण केलंत.

गेल्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी आणि बकुळा खोली पसंत करायला गेलो. (ती पैठणी नेसायला निघाली होती. मी म्हटलं, खोली आपण बघायची आहे, खोली आपल्याला बघणार नाही. तरी नेसलीच.) तिथे डिमेलो म्हणून असिस्टंट मॅनेजर आहेत, म्हापशाचे, माणूस फार सरळ. आमची खोकी कधी फुटून येत नाहीत म्हणून माझ्यावर लोभ. ते म्हणाले, निम्मं हॉटेल उकरलेलं आहे, पण समुद्राकडच्या काही खोल्या तयार झाल्यात, त्यांतली हवी ती घ्या, तीन दिवस बाई आमच्या पाहुण्या. आणि त्यांनी बारा नंबरची खोली उघडली. अण्णा, घोट्यापर्यंत पाय रुतेल असा गालिचा, खिडकीभर समुद्र, पलंग एवढा की आमच्या वाडीतलं एक बिऱ्हाड त्यावर संसार करील. बकुळा चपला हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. मग डिमेलोंनी मोठ्या अभिमानाने आतलं एक दार उघडलं, तर तिथे आमच्याच कंपनीचा कमोड. पलंगाच्या उशापासून नऊ पावलं (मी मोजली). या हातांनी मी चलनावर 'कमोड, नग चाळीस' असं लिहिलं आहे, पण ते चाळीस जाऊन बसतात कुठे याचा विचार कधी केला नव्हता. माझी आपली समजूत, चाळीसच्या चाळीस गॅलरीच्या टोकाला ओळीने, जसे आमच्या वाडीत.

बकुळा माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "अहो, त्या बाई सोवळ्यातल्या. जप कुठे करतील, फराळाचं ताट कुठे ठेवतील?" मला पटलं. तेरा नंबर अशुभ म्हणून डिमेलोंनी आपण होऊनच सोडली आणि चौदा दाखवली. चौदात ते प्रकरण आणखी जवळ. सतरात तर गुलाबी रंगाचं. शेवटी मी धीर करून विचारलं की जरा लांब संडास असलेली एखादी खोली नाही का. डिमेलोंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बकुळेच्या पैठणीकडे. "लांब म्हणजे किती लांब, मिस्टर गंगाधर? लोक जवळ पायजे म्हणून माझ्याशी भांडतात हो." मी म्हटलं, जितका लांब तितका बरा. मग ते आम्हाला मागच्या जिन्याने वर घेऊन गेले. पूर्वी बड्या पाहुण्यांबरोबर येणाऱ्या नोकरांसाठी बांधलेल्या तिथे पाच-सहा खोल्या आहेत. अठ्ठावन्न नंबर. कोबा केलेली जमीन, दाराबाहेर पितळी नळ, समोर उघडी गॅलरी, सोवळं वाळत घालायला तार, आणि संडास पार पलीकडच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. बकुळेचा चेहरा खुलला. डिमेलोंनी तीनदा विचारलं, शुअर ना? त्या बाजूला ठोकाठोकी व्हायची आहे हेही सांगितलं. मी म्हटलं, आम्ही चाळीतली माणसं, आवाजाचं आम्हाला काय. पुढचे तीन दिवस आम्ही पाट, घंगाळ, चटई आणि तुळशीची कुंडी यांची ने-आण करत होतो. दरवान आम्हाला प्रत्येक खेपेला मागच्या दाराने घालायचा, ते सोयीचंच पडलं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. शांता आठ वर्षांची असताना तुम्ही तिला शाळेसाठी आमच्याकडे ठेवलीत ती मॅट्रिक होईपर्यंत. आमच्या घरात दुसरं मूल नाही. तिचं कुठे अडेल, कोणी तिला नाही म्हणेल, ही कल्पनाच मला सहन होत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही की एका जागी बसवलं नाही. ऑफिसात एका चलनावर मी मालाच्या जागी 'लक्ष्मीबाई, नग एक' असं लिहून ठेवलं.

शनिवारी बाई आल्या. जयवंताने त्यांना पोचवलं आणि तो माहीमला मित्राकडे गेला. मुलगा खरंच चांगला आहे, नजर न चुकवता बोलतो. बाई लहानखुऱ्या, बोलायला कमी, गुडघे दोन्ही आखडलेले. मागच्या जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या चढताना त्या चार ठिकाणी थांबल्या. खोली बघून म्हणाल्या, छान आहे. तुळस बघून म्हणाल्या, छान आहे. मग त्यांनी आजूबाजूला कसला तरी शोध घेतला आणि बकुळेला हळूच विचारलं. बकुळेने गॅलरीचं टोक दाखवलं. ओल्या सिमेंटवर फळी टाकलेली होती, तिच्यावरून बाई गेल्या आणि तिच्यावरून आल्या. दुसऱ्यांदा जाऊन आल्यावर खुर्चीत बसल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "बडोद्याला आमचा परसात आहे, विहिरीच्या पलीकडे. चाळीस वर्षं जातेय. जयवंताला म्हटलं, हॉटेलातच उतरते. तिथे म्हणे खोलीतच असतो." बकुळेने माझ्याकडे पाहिलं आणि मी तुळशीकडे. लगेच धावत खाली गेलो, तर डिमेलो म्हणाले, दुपारी बोटीचे उतारू आले, समुद्राकडची एकही खोली शिल्लक नाही.

रविवारचं मात्र डोळ्यांनी पाहिलं नाही, बाईंच्या आणि एका रंगाऱ्याच्या सांगण्यावरून लिहितो. सकाळी सातला बाई सोवळ्यात जपाला बसल्या, आणि खिडकीत परांचीवर हा रंगारी उगवला. बुधाजी नाव, राहतो लालबागला, मूळ आपल्या कुडाळकडचा. दुपारी समितीच्या मोर्चाला जायचं म्हणून हातातलं काम उरकायला लवकर आला होता. "आजी, खयच्या तुम्ही?" त्याने विचारलं. बाईंचं मौन. पण त्यांच्या ट्रंकेवर बडोदा लिहिलेलं त्याने वाचलं. "बडोदा? मगे ता आपल्यात येतला काय त्यांच्यात?" बाईंनी त्याला हाताने 'पलीकडे हो' अशी खूण केली. ती त्याला होकारासारखी दिसली. त्याने खाली वाकून सोबत्यांना बातमी दिली की बडोद्याची म्हातारी आपल्या बाजूची आहे, आणि खालून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा जो पुकारा झाला त्याने परांची हलली आणि ब्रशाचा पिस्ता रंग बाईंच्या सोवळ्यावर उडाला. म्हणजे पुन्हा अंघोळ. त्या नळाखाली बसल्या, आणि अर्ध्या अंघोळीत पाणी गेलं, कारण खालच्या मजल्यावर आमच्या कंपनीचे नवे नळ बसवायला त्याच वेळी लाइन तोडली. त्याच्या पाठोपाठ शेजारची भिंत पाडायला घेतली.

मी दूध आणि फुलं घेऊन नऊला पोचलो तेव्हा बाई ट्रंक बांधून उभ्या होत्या. केस ओले, खांद्यावर चुन्याची धूळ. म्हणाल्या, टॅक्सी बोलवा, बडोद्याची गाडी कितीला आहे? अण्णा, ट्रंक मीच खांद्यावर घेऊन जिना उतरलो. टॅक्सीत मी चार वेळा माफी मागितली, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बॉम्बे सेंट्रलचा सरळ रस्ता मोर्चाच्या तयारीने अडलेला, म्हणून टॅक्सीवाला गिरगावातून वळला आणि आमच्याच वाडीच्या तोंडाशी येऊन अडकला. पुढे माणसं, मागे ट्राम. अर्धा तास ऊन खात बसलो. बकुळेने गॅलरीतून पाहिलं आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. वर चला म्हणायची तिची छाती होईना, कारण रीत तिलाही ठाऊक. बाई पाणी प्यायल्या. मग टॅक्सीतून उतरल्या, वाडीच्या पायरीवर काठी टेकून उभ्या राहिल्या आणि बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "ठरायच्या आधी मुलीच्या घरी पाठ टेकायची नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा ठरलं असं समजा. साखर मागाहून द्या, आधी उशी द्या."

तर सोयरीक ठरली. बाई आमच्या पलंगावर त्या दिवशी चार तास झोपल्या, आणि अजून इथेच आहेत (आतल्या खोलीत का बसलो नाही ते आता कळलं असेल). संध्याकाळी जयवंत आला, दोघांचं तोंड गोड केलं. शेजारच्या कौसल्याबाई सकाळी संडासाच्या रांगेतला आपला नंबर त्यांना देतात. त्या आणि बकुळा शांतेच्या लहानपणीच्या गोष्टी बोलत बसतात आणि मी त्या गॅलरीतून ऐकतो. उद्या सकाळी त्या परत निघतील. वहिनींना आनंदाची बातमी सांगा, चि. शांतेला अनेक आशीर्वाद, आणि पायावर भार देऊ नका.

तुमचा आज्ञाधारक,
गंगाधर

ता. क. लक्ष्मीबाईंना हुंडा नको, मानपान नको, त्यांची मागणी एकच आहे: लग्नाआधी बडोद्याला एक कमोड पोचवायचा आणि तो घरात, त्यांच्या खोलीला लागून बसवून द्यायचा. मी होकार दिला आहे. लग्नाच्या यादीत तो कोणत्या सदराखाली लिहायचा ते भटजींना तुम्हीच विचारा, माझी जीभ रेटणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही. शनिवारी सकाळी, बाई यायच्या आधी, डिमेलोंनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, त्यांच्या कारकुनाने मराठीत लिहिलेली. अठ्ठावन्नच्या बाजूची भिंत उद्या पाडणार आहेत, बारा नंबर दुपारपर्यंत तुमच्यासाठी अडवून ठेवतो, होकार कळवा. मी तो कळवला नाही. चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. मनात आलं, बाई कंटाळतील, परत जातील, आणि शांता बडोद्याला जाणार नाही. इथेच कुठे तरी, दादरला, परळला, तिचं होईल आणि रविवारी येत जाईल. एवढं वाईट मी आयुष्यात कोणाचं चिंतलं नव्हतं, आणि चिंतलं ते नेमकं तिचं. काय शिक्षा करायची ती करा, पण लग्नाआधी महिनाभर तिला आमच्याकडे पाठवा. शिवणकामाचं किंवा आणखी कसलंही निमित्त सांगा, मी बोटीवर घ्यायला येतो.

ता. क. तिसरा. यातलं बकुळेला काही कळू देऊ नका असं लिहिणार होतो. पण आत्ता ती चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वरचा मजकूर वाचला आणि म्हणाली, एक महिना नको, दोन लिहा. चिठ्ठी तिला शनिवारी सकाळीच कोट झटकताना सापडली होती. वाचून, होती तशी घडी घालून तिने ती परत खिशात ठेवली.