कोटातले हात

कोकंद,
१४ मार्च २०११

प्रिय तोलिब आका,

सलाम. तुम्ही, वहिनी आणि मुलं सुखरूप असाल. आम्ही इथे बरे आहोत. तुमच्या मेव्हण्याचा, एर्गशचा, गुडघा थंडी सरताच दुखायचा थांबला. अंगणातला जर्दाळू फुलला आणि दुसऱ्याच पहाटे दव गोठलं. शेजारी म्हणतात यंदा फळ धरणार नाही. एर्गश म्हणतो, झाडाला शेजाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. त्याचा मित्र परवा मॉस्कोला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि गेल्या वर्षीचे वाळवलेले जर्दाळू देते आहे. बिया फेकू नका, फोडून खा.

मंगळवारी मी फोन मधेच ठेवला. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही म्हणालात की ताश्कंदला जुन्या कलावंतांचा सत्कार आहे, त्यात तुमचं नाव आहे, आणि त्या संध्याकाळी पडद्यावर आपली जुनी चित्रफीत दाखवणार आहेत. हे ऐकून मला खरंच आनंद झाला. मग तुम्ही त्या दूरचित्रवाणीवाल्या मुलीबद्दल, दिलनवाझबद्दल बोललात. तिने मलाही फोन केला होता. पोरगी सभ्य आहे, आवाज खाली ठेवून बोलते. चित्रफीत तिने आपल्या आजीला दाखवली. आजी पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "हे पुरुषाचे हात नाहीत गं. ही बाई कापूस वेचून आली आहे. नखांच्या कडा बघ."

तुम्ही मला सांगितलंत, तिला एवढं एकच वाक्य सांग, मुहय्यो: त्या वर्षी तोलिबही कापसाला गेला होता.

आका, तुम्ही आयुष्यात कापसाच्या शेतात पाऊल टाकलं नाहीत. बाबांनी दरवर्षी कलापथकाच्या कार्यालयातून तुमच्या सुटकेची चिठ्ठी आणली. मी मात्र नऊ शरद ऋतू वाकून कापूस वेचला. बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी चिरतात, ते तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर मीच.

आठवण करून देते, कारण तुम्ही सगळीकडे वेगळं सांगता असं ऐकते. बाबांनी हातचलाखी तुम्हाला शिकवली. रिकामा हात पुढे करायचा, बोटं पसरायची आणि हवेतून पत्ता काढायचा, मग दुसरा, मग तिसरा, मग एकदम पंखा. मी सात वर्षांची असल्यापासून तुमच्या पायांशी बसून पडलेले पत्ते गोळा करत होते. बाबा म्हणायचे, "मुहय्यो, उचल." एवढंच माझं शिक्षण. मी एकदा हट्ट केला तेव्हा त्यांनी माझा तळहात आपल्या तळहातावर ठेवला आणि हसले. म्हणाले, चिमणीएवढा आहे, पत्ता मागे दडवशील तर दोन्ही बाजूंनी डोकावेल. तुम्हीही हसलात. त्या हसण्याचा राग नाही, तुम्ही तेरा वर्षांचे होतात.

पण खाली बसलेल्याला मागची बाजू दिसते. वर उभे असलेल्या तुम्हाला दिसायची ती फक्त पुढची. कोणत्या बोटाने पत्ता ढकलायचा, करंगळी कुठे घट्ट करायची, हे मी तुमच्या हाताच्या पाठीवरून शिकले. तंदूर पेटेपर्यंत आईशेजारी उभी राहून, ओढणीखाली हात घालून करायचे. बाबांनी एकदा कात्रीने पत्ते लहान करून दिले, खेळ म्हणून. मी ते भावल्यांना दिले. पूर्ण मापाचे पत्ते माझ्या हातात मावायला अकरा वर्षं लागली.

आता त्या डिसेंबरचं. त्र्याऐंशी साल, नववर्षाच्या कार्यक्रमाचं चित्रण. त्या दिवशी आधी पत्ते का पडले, हे विचारणाऱ्या आईला, एर्गशला, सगळ्यांना मी आजवर एकच सांगत आले की तोलिब आकांचे हात थंडीने आखडले होते. आका, त्या स्टुडिओत एवढे दिवे होते की रंगभूषेच्या क्लाराबाई स्वतःला वहीने वारा घालत होत्या. थंडी नव्हती. तुम्ही तीनदा सुरुवात केलीत, तिन्ही वेळा पत्ते पायाशी पडले आणि मी उचलले. दिग्दर्शक घड्याळ बघायला लागला. तुम्ही मला पडद्यामागे ओढलंत आणि म्हणालात, "कोट घाल."

मी कोट घातला. आतल्या खिशात बाटली होती, पूर्ण वेळ मला बरगडीला लागत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. सत्तावीस वर्षं मी थंडी म्हटलं, कारण तुम्ही माझे भाऊ होतात.

क्लाराबाईंनी माझ्या बोटांच्या चिरांवर रंग लावला. कॅमेरा फक्त बाह्यांपासून पुढे बघणार होता. चार मिनिटं, मधे एकदाही न थांबता. अठ्ठावीस पत्ते, चार पंखे, शेवटी बदामाचा एक्का. एक पडला नाही.

आणि इथे माझाही कबुलीजबाब आहे. मला तुमची दया आली म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मला करायचं होतं. दिवे माझ्या बोटांवर होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिकडे बघत होतं. तुम्ही नसतं सांगितलंत तर मी कदाचित स्वतःच कोट मागितला असता. त्या खोट्यात अर्धा वाटा माझा आहे, आणि म्हणूनच ते मोडायचा हक्कही मला आहे.

नववर्षाला सगळा मोहल्ला आपल्या घरी जमला होता. तुम्हाला आठवत असेल, काका तुम्हाला उचलून नाचले. बाबा टाळ्या वाजवत नव्हते. तुमच्या चेहऱ्याकडे नाही, पडद्याकडेही नाही, चहाची किटली धरलेल्या माझ्या हातांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या वाटीशेजारी न फोडलेला पत्त्यांचा नवा कॅट होता. त्यानंतर त्यांनी मला "उचल" कधी म्हटलं नाही.

पंच्याऐंशीत त्यांनीच मला कलापथकाच्या निवड समितीपुढे उभं केलं. तिघं बसले होते, त्यात एक तुम्ही. मी नापास झाले आणि त्याच शरदात लग्न करून कोकंदला आले. एर्गश चांगला निघाला, ते श्रेय मी तुम्हाला देत नाही. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ते दोन म्हातारे जुन्या वळणाचे होते आणि तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल. बाबांच्या मयतीला क्लाराबाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. दोन्ही म्हातारे हो म्हणाले होते, पण भावाचाच नकार म्हटल्यावर मागे हटले. तुम्ही म्हणालात, "पत्ता कडेने दिसतो. घरात ठीक आहे, मंचावर नको."

त्या दिवशी जनाजा उचलत होते, म्हणून मी गप्प बसले. नंतर तुम्ही मॉस्कोला गेलात. आईच्या वेळी तर आलाच नाहीत.

मी थांबले नाही, आका. रेशीम गिरणीत तेवीस वर्षं काढली, जेवणाच्या सुट्टीत बायकांसमोर पत्ते काढत. लग्नांत बायकांच्या बैठकीत मला मुद्दाम बोलावतात. गेल्या महिन्यात रिश्तानला एका नव्वदीच्या आजीने माझी बाही कोपरापर्यंत वर केली, आत फुंकर मारली आणि म्हणाली, सैतान नाही, कर पुढे.

तर उत्तर हे. तुम्ही कापसाला गेला होतात, असं मी म्हणणार नाही. दिलनवाझने परत विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं की हात माझे आहेत. तिला पुरावा हवा होता. मी म्हटलं, कॅट घेऊन ये, नाहीतर मला मंचावर बोलाव. तिने मंच पसंत केला. सव्वीस तारखेला मी ताश्कंदला जाते आहे. तुम्हीही या. तुमच्यासमोर करायला मला आवडेल.

तुमची बहीण,
मुहय्यो


कोकंद,
३ एप्रिल २०११

प्रिय तोलिब आका,

नवरोजच्या शुभेच्छा, उशिराने. तुमच्या वाटचं गव्हाच्या मोडांचं सुमलक बरणीत ठेवलं होतं, एर्गशने खाल्लं.

रक्तदाब वाढल्यामुळे प्रवास जमत नाही, अशी तुमची तार सभागृहात वाचून दाखवली. रक्तदाबाची काळजी घ्या, हे मनापासून म्हणते. काल तुम्ही एर्गशला फोन केलात, माझ्याबद्दल काही विचारलं नाहीत, फक्त एवढंच की पत्ता पडला का. एर्गश म्हणाला, तिलाच विचारा. तुम्ही फोन ठेवून दिलात. म्हणून मीच सांगते.

हो, एक पडला. तेरावा. चौकटचा गुलाम.

आता सगळंच ऐका. सभागृह भरलेलं होतं. पुढे जुने लोक, काठ्या, पदकं. क्लाराबाई चाकाच्या खुर्चीत होत्या, ओठांना रंग लावून. चित्रफीत दाखवली. टाळ्या झाल्या. मग निवेदकाने तुमचं मानपत्र घ्यायला मला बोलावलं, "कलावंताची बहीण" म्हणून. दिलनवाझने त्याला पुढचं सांगितलं नव्हतं, तो बिचारा घामाने भिजला.

मी ध्वनिवर्धकापाशी गेले. रात्रभर एक भाषण पाठ केलं होतं, ते तिथे आठवलंच नाही. मी म्हटलं, "मानपत्र मी भावाला पोचवीन, ते त्याचं आहे. हा खेळ त्याने बांधला, पंख्यांचा क्रम त्याचा, शेवटचा एक्का त्याची कल्पना. पण आत्ता पाहिलेत ते हात माझे होते. त्या दिवशी कोट त्याचा होता आणि आत मी होते."

मागून एक माणूस म्हणाला, भाऊ मॉस्कोत, आता काय वाटेल ते बोला. दुसऱ्याने त्याला गप्प केलं, तिसरा दुसऱ्यावर चिडला. एक पदकवाले गृहस्थ उठून निघाले. मला भीती वाटली का, असं तुम्ही विचारणार नाही, पण वाटली. एकावन्न वर्षांची बाई, पहिल्यांदाच एवढ्या सभागृहापुढे. मात्र हात कापत नव्हते.

मी अर्ध्या बाहीचा रेशमी अतलसचा झगा घातला होता, मुद्दाम. लपायला जागा नको होती. दंड आता भरलेत, त्वचा लोंबते, सगळ्यांना दिसलं असेल. दिसू दे. मी उजवा हात पुढे केला आणि बोटं पसरली.

बारा पत्ते निघाले. तेरावा निसटला. मोठ्या सभागृहात पत्ता पडल्याचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा "अरेरे" म्हणाला, अगदी बाबांसारखा. पूर्वी मी तिथेच मेले असते. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "अजून पंधरा आहेत, चाचा, थांबा," आणि लोक हसले. मग मात्र एकही नाही. चौदावा, पंधरावा, पहिला पंखा, दुसरा. डाव्या हाताने शेवटचे दोन. कडेने काही दिसलं नाही, आका. क्लाराबाई बरोबर बाजूला बसल्या होत्या, त्यांना विचारा.

एक्का आला तेव्हा आधी टाळ्या आल्या नाहीत. आधी क्लाराबाईंचा आवाज आला. त्या रडत होत्या आणि रशियनमध्ये सगळ्यांना सांगत होत्या, "त्या चिरांवर रंग मीच लावला होता, मीच." मग टाळ्या. निघालेले पदकवाले गृहस्थ दारातून परत आले. त्यांनी टाळी वाजवली नाही. पण उभे राहिले.

तुमचं मानपत्र याच पाकिटात आहे, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात ठेवलंय. भिंतीवर लावा. तुम्ही मोठे कलावंत होतात, हे मी कोणालाही नाकारू देणार नाही. तुम्ही माझ्याबद्दल समितीत जे बोललात ते चूक होतं, आणि बोललात तेव्हा ते चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं. माझे हात तुमच्याइतके जवळून कोणी पाहिले होते? एवढंच मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. तुम्ही आला नाहीत, म्हणून कागदावर.

माफी पाठवू नका. आली तर मी ती घेऊन काय करू, मला सुचणार नाही. आमच्या घराचा रस्ता बदललेला नाही. मे महिन्यात आलात तर एर्गश पलोव करील. तेलाला त्याचा हात सढळ आहे, तुमच्या रक्तदाबाला मानवणार नाही, तरी खाल. जेवणानंतर कॅट बाहेर काढू. हात कापले तरी चालतील, समोर बसलेली मीच असेन. ताश्कंदहून बोलावणं आलंय, जूनमध्ये मी पुन्हा मंचावर आहे. मी हो म्हटलंय, आणि यावेळी घरात कोणालाही विचारलं नाही.

फलकावर नाव कसं लिहायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांना जे लिहून पाठवलं, तेच इथे लिहिते,

पत्त्यांची कलावंत
मुहय्यो सोबिरोवा