बर्फात मीठ घालू नये

मी, अन्नपूर्णाबाई बेवा शालिग्राम इंगळे, वय एकसष्ट, धंदा शेती, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. दबाव आणायला धाकटे दीर भगवंतराव रोज येतात. चहा पितात आणि जातात.

१. राहतं घर आणि विहिरीकाठचं शेत माझी एकुलती एक मुलगी पुष्पा हिला. मला मुलगा नाही, तेव्हा सगळं आपलंच, अशा समजुतीत भगवंतरावांनी गोठ्याची जागा पावलांनी मोजून ठेवली आहे. मोजू द्या. तेवढेच पाय मोकळे होतील.

२. मी गेल्यावर माझे डोळे दान करावेत. डॉक्टर येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कपडा ठेवावा. डोळ्यांची बाटली बर्फाच्या थर्मासात घालून पुष्पानेच शहरात न्यावी. थर्मासही तिलाच. भगवंतरावांनी त्याला हात लावू नये.

कारण लिहिते. आमचे हे गेले तेव्हा त्यांचेही डोळे दिले होते. "पुढच्या जल्मी भाऊ आंधळा होईन!" म्हणत भगवंतरावांनी आधी अंगणात तमाशा केला. मग थर्मास मांडीवर घेऊन एस.टी.त सगळ्यात पुढे तेच बसले. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळे गार राहू द्या, पण गोठू देऊ नका. पण आइसक्रीमचा पॉट फिरवून फिरवून भगवंतरावांना थंडीचं सगळं शास्त्र आलेलं! चिखलीच्या स्टँडवर बर्फ बदलला आणि वर मूठभर खडेमीठ टाकलं. डोळे गोठून दगड झाले. तिकडे एक बाई ऑपरेशनसाठी तयार होऊन बसली होती. तिला तशीच घरी पाठवली. तिचं नावही मला माहीत नाही, पण तिच्यासाठी अजून जीव जळतो.

"मिठानं बर्फ लय गार होते, वयनी. मी तं चांगल्यासाठीच केलं," हे ह्यांचं उत्तर. पुढे ग्रामपंचायतीत नेत्रदानाचा हारही ह्यांनीच गळ्यात घालून घेतला. लाज कशाशी खातात हे ह्या माणसाला ठाऊक नाही.

३. भगवंतरावांना काही नाही. मिठाची बरणीसुद्धा नाही.

४. ज्याला काही मिळायचं नाही त्याची साक्ष पक्की, असं वकील सांगतात. म्हणून एक साक्ष भगवंतरावांचीच घेणार आहे. ते न वाचता सही करतील. डॉक्टरांचं तरी कुठे ऐकलं होतं?

ठिकाण अमडापूर, तारीख १२ मार्च १९७१

सही: अन्नपूर्णाबाई शालिग्राम इंगळे

साक्षीदार:
१. निवृत्ती सोनाजी गवई, शेजारी
२. भगवंतराव इंगळे, दीर. सर्व मजकूर वाचून, समजून सही केली.