लाल दगडाची चूल

संत मिहेलचा दिवस, सप्टेंबर अखेर, इद्रिया
पोचलो. दरी अरुंद, पण माणसं मोकळी. काही वर्षांपूर्वी इथल्या ओढ्यात बादल्या बनवणाऱ्या एकाला पारा सापडला, तेव्हापासून डोंगर पोखरणं चालू आहे. एवढी वस्ती आणि दात उपटायला एक न्हावी नाही! भट्टीवर काम करणाऱ्या उर्बानच्या घरी खोली मिळाली. त्याची बायको नेझा माझ्या काटकुळ्या हातांकडे बघून म्हणाली, हा दात उपटणार की दात याला? घरातली मोठी चूल खाणीतल्या लालभडक दगडांची आहे. उर्बाननेच रचली, घरोघरी अशाच आहेत. गावी राहिलेल्या माझ्या बायकोला, येराला, चौथा महिना आहे. घोडेवाल्याला सांगून ठेवलं, खिंडीत बर्फ साचण्याआधी तिला घेऊन ये. बाळ इथं उबेत जन्मेल.

संत लुकाचा दिवस, ऑक्टोबर
जेवण एकाच लाकडी वाडग्यातून, सगळ्यांचे चमचे त्यात. आमच्याकडेही तीच रीत. पण उर्बानच्या तोंडातून लाळेची तार सुटते आणि थेट लापशीत उतरते. हिरड्या काळ्या पडल्यात, श्वासाला कुजक्या मांसाचा वास. नेझा फडक्याने त्याची हनुवटी पुसते आणि त्यानेच चमचा. मी खाल्लं. नको म्हटलं असतं तर घराचा अपमान झाला असता.

सर्व संतांचा दिवस, नोव्हेंबरची सुरुवात
इथे दात उपटावे लागत नाहीत. बोटाने ढकलले की निघतात, मागे पू येतो. एक बाई मूठभर दात घेऊन आली. परत बसवता येतील का, विचारत होती.

संत मार्टिनचा दिवस, नोव्हेंबर
सणाचा हंसाचा रस्सा. छतावरून वाडग्यात थेंब पडला. गोल, चकचकीत, सरळ तळाशी गेला. सगळे हसले. ज्याच्या चमच्यात येईल त्याचं नशीब. उर्बानने गिळला. वर पाहिलं, तर चुलीवरच्या तुळईला चांदीचा घाम फुटला होता. भट्टीत हेच लाल दगड तापवून पारा काढतात. चूलही त्यांचीच. म्हणजे चूल पेटली की तोच पारा घरभर, वाडग्यातही.

संत कातरीनाचा दिवस, नोव्हेंबर अखेर
नेझाला सांगितलं, चूल पाडा.
"पाडते की. मग थंडीत आम्हाला मांडीवर घेऊन बसा, न्हावीबुवा."
वर म्हणाली, हा आजार भट्टीवर जाणाऱ्यांनाच होतो. ती स्वतः भट्टीकडे कधी फिरकलेली नाही. बोलताना तिच्याही हनुवटीवरून लाळ गळत होती.
घोडेवाल्याकडे धावलो. तो येराला आणायला कधीच निघून गेला होता.

संत निकोलायचा दिवस, डिसेंबरची सुरुवात
उशी ओली. माझ्याच लाळेने. जीभ सुजून तोंडात मावत नाही. येराला वाटेतच अडवायला पायी निघालो — गुडघे थरथरले, पडलो. दोघांनी उचलून आणलं. चुलीला खेटून निजवलं. प्रेमाने.

संत लुसियाचा दिवस, डिसेंबर
येरा आली. पोट केवढं — गाल थंडीने लाल. नेझाने तिला चुलीजवळ बसवलं, वाडगा पुढे सरकवला. बोलायला गेलो, तोंडातून नुसती लाळ — तिने हसून पुसली. म्हणून वही पुढे धरून लिहितो आहे, तिला वाचता येत नाही, इथे कुणालाच — बोट छताकडे केलं, तिला वाटलं मी देवाचे आभार —

थेंब पडला. सगळे हसले. तिच्याच चमच्यात — नेझा म्हणते, बाळाचं नशीब — चमच्यापर्यंत हात उचलवत नाही —

येरा, तोंड उघडू न